दोन माणसांची खोली

चूक माझीच. फोनवर खोली ठरवताना तो फोन आपणहून दोन माणसं धरून चालतो, एकट्याला जायचं असेल तर आकडा हातानं खाली आणावा लागतो, हे मला ठाऊक नव्हतं. छत्तीस वर्षं पोरांना हातचे शिकवलेल्या मास्तराकडून एवढी वजाबाकी राहून गेली. उदाराम माझ्याजवळच ओट्यावर बसला होता. मी ऐटीत बटण दाबलं आणि म्हणालो, झालं तुझं काम. त्यानंही विश्वासानं मान हलवली. त्याची रुख्मा जाऊन तेव्हा सात महिने झाले होते.

उदाराम आमच्या सौंदडचा. उभा जन्म राईस मिलमध्ये, तूस जाळणाऱ्या बॉयलरपाशी गेला. तिथं माणूस फारसं बोलत नाही, बोलला तरी कुणाला ऐकू येत नाही. घरचं बोलण्याचं खातं रुख्माकडे होतं आणि ती ते दोघांच्या वतीनं चालवायची. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत वीस बाया तिच्या मागं चिखलात उतरत. नवराही तिच्याच मागं चालत असे, फक्त कोरड्या रस्त्यानं.

दरवर्षी दसऱ्याला दोघं दीक्षाभूमीला जात. सौंदडहून गोंदिया, गोंदियाहून नागपूर. त्या दिवशी नागपुरात लाखो माणसं उतरतात, पण लॉजचा विचार रुख्माच्या मनाला कधी शिवला नाही. तिला जागा हवी असे स्वच्छ, फुकट आणि दीक्षाभूमीपासून पायी जाण्याइतकी जवळ. ती शोधण्याची तिची रीत होती. तान्ह्या लेकरांच्या बाया कुठं टेकल्यात ते आधी पाहायचं, मग तिथल्या नळाचं पाणी पिऊन पाहायचं, आणि पसंत पडलं की पिशवीतून झाडू काढायचा. लोक नागपूरला जाताना भाकरी बांधून नेतात, रुख्मा झाडूही नेई. एका शाळेचा व्हरांडा तिला असा सापडला आणि दुसऱ्या खांबाजवळची जागा तिची झाली. आधी ती आपली जागा झाडी, मग शेजाऱ्यांची, मग अजून न आलेल्यांची. एकदा शाळेच्या चपराशानं तिला, बाई, तुम्ही कोणत्या खात्याकडून आल्या, असं विचारलं, तर तिनं त्याला पाय उचलायला सांगितलं.

सव्वीस वर्षं तोच खांब. यवतमाळकडचं एक कुटुंब, वाशिमचे दोघं भाऊ, अकोल्याची एक नर्सबाई, सगळे दरसाल तिथंच पथारी टाकत. एकमेकांच्या भाकरी खात, दुखणी ऐकत, पोरींची लग्नं जुळवायच्या गोष्टी करत. मात्र कुणी कुणाचं आडनाव विचारलं नाही की फोन नंबर घेतला नाही. पुढच्या दसऱ्याला भेटणारच होते, मग नंबर कायले? त्यामुळं रुख्मा गेल्याचं त्यांना कळवणारं कुणी नव्हतं.

या साली उदाराम माझ्याकडं आला. "मास्तर, यंदा मले एक खोली पाहून द्या. साफ पायजे, सस्ती पायजे, अन् दीक्षाभूमीच्या जवळ पायजे."

मला वाटलं, गुडघे दुखत असतील. त्यानंही वाटू दिलं. खरं म्हणजे व्हरांड्यात पाय ठेवला की प्रत्येक जण विचारणार, बाई कुठं आहे? ते सगळ्यांना सांगत बसावं लागू नये, एवढ्यासाठी हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा भाड्याच्या खोलीत झोपायला निघाला होता. दसऱ्याच्या दिवशी अशी खोली मिळणं म्हणजे रोवण्याच्या दिवसांत मजूर मिळणं. दोन दिवस फोन घासल्यावर एक सापडली, आणि तिच्यात मी दोन माणसं भरली.

लॉजच्या काउंटरवर चष्मेवाला मॅनेजर होता. त्यानं रजिस्टर उघडलं आणि म्हणाला, "दो जन की बुकिंग है, काका. दुसऱ्याचं आधार?"

उदारामच्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत दोघांची कार्डं एकाला एक चिकटून असत. गोंधळात दोन्ही बाहेर आली. मॅनेजरनं दोन्ही नावं नीट अक्षरात लिहिली आणि दाराकडं पाहिलं. "मॅडम मागं आहेत का?"

उदारामनंही वळून दाराकडं पाहिलं. मग म्हणाला, "येऊन राहिली."

खोलीत तक्रारीला जागा नव्हती. पांढरीशुभ्र चादर, दोन टॉवेल, दोन साबण, पाण्याच्या दोन बाटल्या. चादर चुरगळेल म्हणून तो खुर्चीवर बसला. पलंगाखाली थोडी धूळ दिसली तशी खाली जाऊन त्यानं झाडू मागितला. मॅनेजर म्हणाला, सफाईवाली उद्या येईल, आणि मॅडम आल्या का? उदाराम चहाला निघाला तेव्हा मॅनेजर म्हणाला, मॅडमना रस्ता सापडत नसेल तर फोन करून देऊ का? चहा पिऊन आला तेव्हा नुसत्या भुवया उंचावल्या. माणूस मनानं चांगला होता, तीच पंचाईत होती. दहा जणांचा प्रश्न टाळायला उदाराम इथं आला होता आणि इथं एकच माणूस तो दहा वेळा विचारत होता.

दुपारी तो बाहेर पडला आणि मग त्याला परत आत जाववेना. गर्दीतून चालता चालता पाय शाळेपाशीच आले. समोर उसाच्या रसाची गाडी होती. तिच्या आडोशानं त्यानं पाहिलं. व्हरांडा खच्चून भरला होता, पण दुसऱ्या खांबाजवळची दोन माणसांची जागा मोकळी होती. चार कोपऱ्यांवर कुणाकुणाच्या चपला ठेवून ती राखली होती. एक नवखं कुटुंब तिथं टेकायला आलं, तर वाशिमचा थोरला भाऊ उठला, त्यांना दोन बोटं दाखवली आणि मग गेटकडं हात केला. नर्सबाई मान उंचावून गेटकडंच पाहत होती.

उदारामनं एक गिलास रस घेतला. तो संपवायला त्याला बराच वेळ लागला. मग तो तिथूनच दीक्षाभूमीला गेला आणि सकाळच्या गाडीनं गावी आला.

हे सगळं त्यानं मला एका दमात सांगितलं नाही. तीन संध्याकाळी लागल्या. माझ्या चुकीबद्दल मी माफी मागितली, तर ती त्यानं माशी हाकलावी तशी हाकलली. पण मास्तराची खोड जात नाही. मी म्हणालो, अरे, त्या लोकांनी तुमची जागा राखून ठेवली होती. दोन मिनिटं बसला असतास, सांगून टाकलं असतंस, तेही रडले असते, तुझंही मन मोकळं झालं असतं. दारापर्यंत जाऊन काऊन परत फिरला?

उदाराम माझ्याकडं न पाहता म्हणाला, "गेलो असतो, त रुख्मा तिथंबी मेली असती."