पेन्सिलीतला जावई

बंदराच्या कचेरीत बोयाकाकांचं काम एकच. समुद्रात कुठला तरंगता बोया हलवला, कुठला दिवा बदलला, कुठे जहाज बुडून नवा धोका झाला, हे कळलं की नकाशात दुरुस्ती करायची. कायमचा बदल जांभळ्या शाईने, तात्पुरता पेन्सिलीने. हाच नियम त्यांनी घरच्या फोनच्या वहीलाही लावला होता. लेकीच्या लग्नाला तीन वर्षं झाली, तरी जावयाचा नंबर आपला पेन्सिलीतच!

“बाबा, आता तरी शाईने लिहा हो,” लेक रडकुंडीला येऊन म्हणायची.

“घाई काय आहे? जरा खात्री पटू दे.”

काकू कपाळावर हात मारून घ्यायच्या. जावई बिचारा जेवायला आला की ताटाआधी वहीत डोकावायचा.

परवा लेक-जावई आले असताना संध्याकाळी तो धक्क्यावरून फिरून आला आणि चपला काढता काढता म्हणाला, “बाबा, खडकावरचा नवा दिवा तुमच्या नकाशात दर पाच सेकंदांनी लुकलुकतो ना? मी वीसदा मोजलं. सहा लागतात.”

काकांचा घास हातातच राहिला. “वीसदा?”

“मध्ये एकदा चुकलो, म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजलं.”

काका उष्ट्या हातानेच धक्क्याकडे धावले. स्वतः मोजून परतले ते हात न धुताच फोनची वही काढून बसले. जावयाच्या नंबराचा एकेक आकडा जांभळ्या शाईने गिरवला, फुंकर मारून वाळवला आणि लेकीकडे वळून म्हणाले, “आता भांडून आलीस, तरी खोडता यायचं नाही बरं का!”