तबेल्यातली मोटार

माझा दादा अंबडला डॉक्टर होता. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या एक-दोन वर्षं आधीची ही गोष्ट. तोवर खेड्यांवरच्या बोलावण्यांना तो घोड्यावरून जायचा. एका पावसाळ्यात घोडा पोट फुगून मेला. त्यानंतर गोदाकाठच्या एका गावाहून अडलेल्या बाळंतिणीसाठी माणूस आला. दादा बैलगाडीने निघाला, वाटेत गाडी चिखलात रुतली, आणि तो पोचला तेव्हा बाई गेली होती, तिला अंगणात काढलं होतं. घरी आल्यावर तो जेवला नाही. ओसरीवर बसून बुटांचा चिखल खरवडत राहिला. मग वहिनीला म्हणाला, "मोटार घेतो मी. आता बैलगाडीचं काम न्हाई."

मी दादाची धाकटी बहीण. नवरा पटकीत गेला तेव्हा मला संसार म्हणजे काय ते कळलंही नव्हतं. सासरच्यांनी केस उतरवले, लाल लुगडं दिलं आणि माहेरी आणून सोडलं. आई-वडील गेल्यावर दादाने मला अंबडला आणलं. घरात दादा, वहिनी आणि मी. त्यांना मूल नव्हतं. पुढच्या खोलीत दवाखाना होता आणि तिथे कंपाउंडर होते, वयाने दादापेक्षा मोठे, नमाजी, मितभाषी. घरामागे घोड्याचा तबेला रिकामा पडला होता.

मोटार हैदराबादेहून रेल्वेने जालन्याला आली. तिथून दादा कंपनीच्या माणसाबरोबर ती घेऊन आला. काळी, उघडी, वर कापडी टप. गल्लीतली झाडून सगळी माणसं जमली. वहिनीने ओवाळलं, चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. शेजारच्या काकू मला आधीच सांगून गेल्या होत्या, "तू जरा आतच बस हं, नवी चीज आहे." मी स्वयंपाकघराच्या झरोक्यातून पाहिलं. मला फक्त पुढचा दिवा आणि चाकावरच्या पत्र्याचा तुकडा दिसत होता, आणि त्या पत्र्यात उलटी सुलटी माणसं.

दादा दोन-चार दिवसांत चालवायला शिकला. कंपाउंडरांनाही थोडंफार शिकवलं. पण गाडी सांभाळायची कुणी? अंबडला मिस्त्री नव्हता. जालन्याला एक होता, तो सरकी काढायच्या कारखान्यातली इंजिनं बघायचा आणि बोलावलं की महिन्याने यायचा. तेव्हा दादाने तबेल्यातच सगळं मांडलं. घोड्याच्या खोगिराच्या खुंट्यांवर पाने टांगले, लहान-मोठे, क्रमाने. पकड, पेचकस, कानस, ग्रीसची पिचकारी, तेल ओतायचं नसराळं, पेचाचा जॅक. तेलाचे डबे गव्हाणीत ठेवले. गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक तो जेवतानासुद्धा वाचायचा.

त्याला हाताशी कुणीतरी लागायचं. वहिनीला त्या तेलाच्या वासाने मळमळायचं. कंपाउंडर दवाखाना सोडून येऊ शकत नसत. उरले मी. मला कुठे हळदीकुंकवाला जायचं होतं?

पहिल्यांदा तेल बदललं तेव्हा गाडी अजून नवी कोरीच होती. मी विचारलं, "इतक्यात कशाला?"

दादा म्हणाला, "नवं इंजिन आहे. आतले भाग एकमेकांवर घासून जागेवर बसून राह्यलेत. त्याचा चुरा ह्या तेलात उतरतो. हे लौकर काढून टाकलं न्हाई तर तोच चुरा इंजिनला खातो." त्याने घमेल्यातलं काळं तेल दोन बोटांत घेऊन माझ्या बोटांवर चोळलं. उन्हात धरलं तर खरंच बारीक बारीक चमकत होतं.

मग ते काम मला पाठ झालं. आधी इंजिन चालू करून तेल गरम होऊ द्यायचं. पुढचा भाग जॅकवर उचलायचा. पुढच्या दोन चाकांना जोडणाऱ्या कण्याखाली लाकडी ठोकळे सरकवायचे. इंजिनच्या पोटाखालचा बोल्ट काढून तेल घमेल्यात पाडायचं. बोल्टाखाली तांब्याची पातळ चकती असते, ती हरवू द्यायची नाही. पुन्हा बोल्ट आवळायचा, वरून नवं तेल फडक्यातून गाळून ओतायचं, सळई बुडवून तेल किती भरलं ते पाहायचं. जुनं तेल गाडीवान वंगणाला घेऊन जात. माझं लाल लुगडं त्या तेलाने काळं पडत गेलं. धुतलं तरी निघेना. त्याचं मला काडीचं वाईट वाटलं नाही. काम करताना दादा शीळ वाजवायचा. मी हात पुढे केला की त्याला हवा तोच पाना त्यात असायचा. लग्नानंतर, नव्हे, त्या लग्नाच्या आधीसुद्धा, मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

उन्हाळा होता. सकाळी एका वाडीवरून निरोप आला, म्हाताऱ्याला धाप लागली होती. दादा म्हणाला, "तेल आज बदलायचंच होतं. पटकन उरकतो अन् निघतो." गाडीखाली आडवं व्हायला चटई अंथरली. जॅक नेहमी एका सपाट दगडावर ठेवायचा, त्या दिवशी हाताशी वीट होती, तिच्यावर ठेवला. गाडी उचलली. मी ठोकळे पुढे केले. तो खाली सरकत म्हणाला, "राहू दे, लगेच होतंय."

बोल्ट निघाला, तेल पडायला लागलं. घमेलं थोडं बाजूला राहिलं होतं म्हणून तो कुशीवर वळला आणि ते ओढायला हात लांब केला. वीट फुटली. फार मोठा आवाजही झाला नाही. विटेचा आवाज, आणि मग गाडी खाली बसल्याचा. दादा ओरडला नाही. त्याच्या तोंडून हवा गेल्यासारखं काहीतरी निघालं.

मी खाली वाकले. पुढचा कणा त्याच्या कमरेच्या वरच्या बाजूला, पाठीवर आला होता. गरम तेल त्याच्या दंडावरून वाहत होतं. त्याचे डोळे उघडे होते.

"जॅक," तो म्हणाला. "दुसऱ्या बाजूनं लाव. दगडावर."

मी जॅक दुसऱ्या बाजूला नेला. दगडावर बसवला आणि फिरवायला लागले. हात तेलकट, दांडा निसटायचा. वहिनी दारात आली आणि किंचाळली. तिच्या आवाजाने कंपाउंडर धावत आले. गाडी इतकी उचलली गेली की खालून माणूस निघेल. दादा म्हणाला, "सरळ ओढा. मला वाकवू नका. फळी आणा कुठलीतरी." कंपाउंडरांनी तबेल्याच्या दाराची झडप उचकटली. तिच्यावर त्याला घेतलं. वहिनी त्याचे पाय धरून होती.

तो म्हणाला, "पाय कुणी धरलेत का?"

वहिनीने पाय आणखी घट्ट धरले.

उतारू नेणारी सर्व्हिसची मोटार सकाळीच जालन्याकडे निघून गेली होती. बैलगाडीने पंधरा-सोळा मैल जायचं म्हणजे दिवस गेला असता. समोर ही एवढी एक गाडी होती, जिने त्याचं असं केलं होतं. कंपाउंडर पुढे जाऊन बसायला लागले. "बाई, टाईम न्हाई. जल्दी उचला साहेबांना."

"गाडी चालू करू नका," मी ओरडले. "तेल न्हाई त्यात! सगळं सांडलं!"

तेलाशिवाय इंजिन दोन मैलांत आवळून बसलं असतं आणि आम्ही माळावर अडकलो असतो. हे मला ठाऊक होतं आणि दादाला. त्याने मान हलवली, एवढंच.

बोल्ट लावायला गाडीखाली जावं लागणार होतं. मी ठोकळे सरकवले, दोन्ही बाजूंनी हलवून पाहिले, आणि जिथून त्याला ओढलं होतं तिथे पाठ टेकून सरकले. जमीन निसरडी आणि कोमट होती. वर तो कणा, त्याला सदऱ्याचं सूत चिकटलेलं. बोल्ट सापडला. चकती सापडेना. मी तेलात हात फिरवत राहिले. बाहेर वहिनीचा आवाज फाटला होता, "ते मरून राह्यलेत अन् तुम्ही तेल घालून राह्यल्या, वन्सं! तुम्हाला काही वाटतं का!"

चकती नखाला लागली. मी बोल्ट हाताने फिरवून बसवला, पान्याने आवळला. वर आले, गव्हाणीतला डबा फोडला. गाळायचं फडकं शोधलं नाही, तसंच ओतलं.

टप खाली केला. फळी मागच्या सीटवर टेकवून पुढच्या सीटच्या पाठीवर आडवी बसवली. कंपाउंडर चालवत होते, मी आणि वहिनी दोन्हीकडून फळी धरून होतो. रस्ता म्हणजे चाकोऱ्याच. प्रत्येक धक्क्याला कंपाउंडर पुटपुटायचे, "या अल्ला, या अल्ला." इंजिनचा आवाज नीट होता. मी तोच ऐकत होते.

अर्ध्या वाटेत दादा मला म्हणाला, "तुझ्याकडं टाचणी आहे?"

माझ्या लुगड्याला एक पिन होती.

"पायाला टोच."

मी टोचली.

"टोचलीस?"

"हो."

"गुडघ्याच्या वर टोच." मी टोचली. "अजून वर." मी टोचत वर वर येत गेले. वहिनी माझ्याकडे बघत होती, तिला काही कळत नव्हतं. बेंबीपाशी आल्यावर त्याचा चेहरा आखडला. "बास," तो म्हणाला. "ठेव ती." त्यानंतर जालना येईपर्यंत तो आभाळाकडे बघत पडला. त्याला सगळं समजलं होतं, आणि त्याच्या तोंडाकडे बघून मलाही.

जालन्याच्या मोठ्या दवाखान्यात त्याला बरेच दिवस ठेवून घेतलं. मग घरी न्या म्हणाले. दादाने पहिल्याच दिवशी आम्हा दोघींना समोर बसवलं आणि पुढे काय काय होणार ते सांगितलं. एखाद्या परक्या रोग्याबद्दल सांगावं तसं. पाठीला जखमा होतील, मग त्या वाढतील, मग ताप येईल. "कूस बदलत रहा. तेवढंच हातात आहे," तो म्हणाला. वहिनी उठून गेली. मी विचारलं, "किती दिवस?" तो म्हणाला, "तुम्ही चांगलं बघाल, म्हणून जास्ती."

आम्ही चांगलंच बघितलं. वहिनी त्याला भरवायची, मी कूस बदलायची, जखमा धुवायची. कंपाउंडर सकाळ-संध्याकाळ येऊन औषध लावायचे आणि बाहेर जाऊन डोळे पुसायचे. खेड्यांवरून बोलावणी यायची बंद झाली. दादाची बाज तबेल्याकडच्या खिडकीशी होती. तो मला म्हणायचा, "उभ्या गाडीचंसुद्धा तेल खराब होतं. बदलून टाक. माझ्यामागं तुझ्या वहिनीला ही विकता यावी, चालती असताना." मी आणि कंपाउंडर गाडी उचलायचो, दगडावर, ठोकळे लावून. खाली मीच जायची. दादा खिडकीतून विचारायचा, "चकती बघितलीस?" मी खालून ओरडायची, "बघितली!" कधी कधी तो काहीच विचारायचा नाही. तेव्हा मी गाडीखाली काम संपल्यावरही थोडा वेळ पडून राहायची.

एकदा मी तशीच काळ्या हातांनी स्वयंपाकघरात गेले. वहिनी चुलीपुढे होती. मागे न बघता म्हणाली, "गाडी आली त्या दिवशी तुम्हाला आत बसवलं होतं, ते उगाच न्हाई. तुमचा हात लागायला नको होता तिला."

मी हात राखेने घासले, धुतले आणि दादाची कूस बदलायला गेले.  मला स्वतःलाच ती म्हणते ते खरं वाटायचं. विटेचा तो भुगा मी डोळ्यांनी बघितला होता, तरीसुद्धा वाटायचं.

थंडी पडायला लागली तेव्हा दादाला ताप चढला. त्याने कंपाउंडरांना नाडी मोजायला सांगितली, त्यांनी खोटा आकडा सांगितला, दादा हसला. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीचा हात हातात असतानाच तो गेला.

दहाव्याला नात्यातली वडीलधारी मंडळी ओसरीवर जमली. वहिनीच्या केसांचा विषय निघाला. एक काका म्हणाले, "न्हाव्याला निरोप धाडला तर बरं." वहिनी आत भिंतीला टेकून बसली होती, तिने ऐकलं आणि पदर डोक्यावर घट्ट ओढून घेतला. त्या माणसांपुढे मी कधी उभीसुद्धा राहिले नव्हते. मी दारात जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "माझे काढले सासरी. या घरातून तेवढे पुरे." काका काहीतरी बोलले, मी दारातून हलले नाही. न्हावी आला नाही.

मोटार जुन्या जालन्यातल्या एका व्यापाऱ्याने घेतली. त्याचा ड्रायव्हर न्यायला आला, सळई काढून तेल पाहिलं, "बिलकुल साफ आहे की," म्हणाला. पाने, जॅक, पिचकारी, सगळं पोत्यात भरून मागे टाकलं आणि गेला. दवाखाना बंद झाला. घर भाड्याचं होतं.

मग कुंभार पिंपळगावहून वहिनीचा भाऊ बैलगाडी घेऊन आला. शेतीभाती असलेला, सरळ माणूस. बहिणीला न्यायला आला होता. माझं काय करायचं ते त्याला विचारवेना आणि मलाही. सासरी मला कुणी ओळखलं नसतं. सामान भरून झाल्यावर तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाईंची सोय कुठं लावायची? पैठणला नदीकाठी बायका राहतात म्हणे अशा."

वहिनी गाडीत चढत होती. ती खाली उतरली.

"वन्सं येणार असतील तर मी येते," ती म्हणाली. "न्हाई तर माझं गाठोडं उतरव."

भाऊ गोंधळला. "अगं, पण लोक..."

"उतरव मंग."

त्याने मला हात देऊन गाडीत घेतलं. वहिनी पुढे बसली, मी मागे, गाठोड्यांना टेकून. पिंपळगावापर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. वाटेत ऊन लागायला लागलं तेव्हा तिने अंगाखालची घोंगडी काढली, मागे न बघताच डोक्यावर घ्यायला माझ्याकडे सरकवली, आणि पुन्हा बैलांकडे बघत बसली.