वच्छलाआत्याची राखण

लग्नानंतर दोन वर्षांतच वच्छलाचा नवरा वारला आणि ती वरूडला भावाकडं परत आली. भाऊ वामनराव संत्र्याचा व्यापार करत. झाडावरचा बहार विकत घ्यायचा, पेट्या भरायच्या, ट्रक दिल्लीकडं रवाना करायचे. घरात माल पडलेला असे, त्यामुळं घर रिकामं टाकून सगळ्यांना जाता येत नसे. बहिरमच्या यात्रेला ट्रॅक्टर भरून मंडळी निघाली, की वहिनी पार्बताबाई म्हणत, "वच्छला हाय ना घरी." लग्न असो, बारसं असो, हेच वाक्य. कुणी तिला टाकून बोललं नाही. येतेस का, असं विचारलंही नाही.

मग पाणी खोल गेलं. बोअर आटले आणि वरूडकडचे बगीचे उभे वाळले. माणसांनी पोरांसारखी वाढवलेली झाडं सरपणासाठी तोडली. वामनरावांचा धंदा बसला. ते आणि पार्बताबाई थोरल्या मुलाकडं अमरावतीला फ्लॅटमध्ये राहायला गेले. वच्छला मागं राहिली, घर राखायला. आता त्या घरात राखण्यासारखं काही नव्हतं.

वामनरावांचा धाकटा मुलगा मनोज मेक्सिकोत केरेतारो नावाच्या गावी मोटारींच्या कारखान्यात इंजिनीअर होता. बायको खुशीच्या बाळंतपणासाठी त्यानं आत्याला बोलावून घेतलं. पण आत्या पोहोचली न पोहोचली, तोच खुशीचं मन बदललं. तिला आईजवळच बाळंत व्हायचं होतं, ती माहेरी निघून गेली. त्यातच कंपनीनं मनोजला तीन महिन्यांसाठी जर्मनीला पाठवायचं ठरवलं. घरी कुत्रं, मागं बाग.

"आत्या, येकटीले जमंन का तुले?" त्यानं चाचरत विचारलं. "नसंन जमत तर परत जाचं तिकीट काढतो."

"घरच राखाचं हाय ना?" वच्छला म्हणाली. "ते जमते मले."

पहिले पंधरा दिवस ती फाटकाबाहेर पडली नाही. झाडांना पाणी घाली, कुत्र्याला भात कालवून देई, दुपारी खिडकीशी बसे. शेजारच्या दोन्या लुपे नावाच्या म्हाताऱ्या बाई भिंतीवरून हात हलवत, काहीतरी विचारत. वच्छला मान डोलवी. दिवसभरात ती बोले ते कुत्र्याशीच, वऱ्हाडीत. कधीकधी स्वतःचाच आवाज ऐकून तिला दचकायला होई.

एके सकाळी दोन्या लुपेंनी तिचा हात धरला आणि तिला बाजारात नेलं. कुलूप लावून वच्छला तीनदा मागं वळून आली. बाजारात संत्र्यांचे ढीग होते. साल घट्ट, वरूडच्या संत्र्यासारखी हातात सुटणारी नव्हे. विक्रेत्यानं फोड कापून वर तिखट भुरभुरलं आणि ती वच्छलापुढं केली. वच्छलानं ती खाल्ली. डोळ्यांत पाणी आलं. ते तिखटाचं समजून दोन्या लुपे हसल्या, वच्छलानं त्यांना हसू दिलं.

त्यानंतर ती निघू लागली. मनोज फोनवरून बसचं नाव सांगे, कंडक्टरला दाखवायला कागदावर गावाचं नाव ती त्याच्या सांगण्याप्रमाणे अक्षर अक्षर लिहून घेई. कुत्र्याला दोन्या लुपे सांभाळत. सान मिगेलला गुलाबी दगडाचं देऊळ पाहिलं. ग्वानाहुआतोला डोंगरभर रंगीत घरं, आणि रस्ते गावाच्या पोटातून, बोगद्यातून गेलेले. स्पेनच्या लोकांनी वसवलेली ही गावं, मनोजनं सांगितलं. तिला परतवाड्याचे इंग्रजांचे बंगले आठवले. उंच, गार आणि परके. बाकांवर जोडपी बसलेली, पोरं पळणारी. ती कोपऱ्यातल्या बाकावर बसून डबा खाई. पाहिलेलं लगेच कुणाला सांगावं, असं तिथं कुणी नव्हतं.

मेक्सिको शहरात ती एकदाच गेली. भल्या पहाटे निघाली. तिथल्या मोठ्या चौकात उभी राहिली, तर पलीकडची माणसं मुंग्यांएवढी दिसत होती. तिथंच फोन वाजला. वामनरावांचा.

"वच्छले, वरूडचं घर इकलं आपण."

तिला नीट ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं.

"कवा?"

"मागच्या महिन्यात. तुहं सामान इकडं आणून ठेवलं. पेटी हाय, भांडे हायेत."

"मले काहून नाही सांगतलं, दादा?"

"तू तिकडं व्हती. सांगून काय कराचं व्हतं?" वामनरावांचा आवाज थकलेला होता. "कोणी राह्यत नव्हतं न तिथं."

वच्छला म्हणाली, "मी राह्यत व्हतो तिथं."

फोन कुणी आधी ठेवला, ते तिला नंतर आठवलं नाही. भोवती माणसांचा महापूर होता, आणि त्यातल्या एकालाही वरूड ठाऊक नव्हतं. पुढं काही न पाहता ती बसस्थानकाकडं वळली.

संध्याकाळी दोन्या लुपे कुत्र्याला घेऊन आल्या. वच्छलाचा चेहरा पाहून त्या तिथंच स्वयंपाकघरात बसल्या. वच्छलानं त्यांना सगळं सांगितलं. नवरा, पेट्या, वाळलेली झाडं, विकलेलं घर. दोन्या लुपेंना शब्दही कळत नव्हता. त्यांनी चहा थंड होऊ दिला, पण उठल्या नाहीत.

मनोज परतल्यावर ती भारतात आली. अमरावतीच्या फ्लॅटमध्ये तिच्यासाठी हॉलमधला दिवाण होता. महिनाभर राहून ती अकोल्याला जठारपेठेत मामेबहीण मनकर्णाकडं गेली. मनकर्णा घरी लोणची-पापड करून विकायची आणि मागची खोली रिकामी होती. वामनराव नको म्हणाले, मग स्वतःच तिची पेटी बसमध्ये चढवून दिली.

वर्षभरानं मनोजचा फोन आला. लेकीला घेऊन ते सगळे फिरायला निघणार होते. "आत्या, येशीन का घर राखाले?"

"नाही रे बाप्पा," वच्छला म्हणाली. "पण तुमी घरी असान तवा बलावा. येईन मी."

मनोज हो म्हणाला. अजून बोलावणं आलेलं नाही.