डुमसच्या किनाऱ्यावरचा मुका

आठवीतून शाळा सोडली ती थेट सुरतेला आलो. अकरा वर्षं लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात काढली. तिथे चाळीस मशिनी एका वेळी खडखडतात, म्हणून शेजारच्याशीही शेतातल्या माणसाला हाक मारल्यासारखं बोलावं लागतं. नाहीतर खुणा. दोन बोटं झटकली की धागा तुटला, मिशीला पीळ दिला की मास्तर आला.

खातं बंद पडलं तेव्हा गावी कळवलं नाही. आईला वाटत होतं मी अजून लूमवर आहे. गोडादऱ्याला माझ्या खोलीशेजारी भाजीवाल्या मावशी राहायच्या. त्यांची बहीण डुमसच्या किनाऱ्यावर टमाट्याची भजी विकायची. त्या बहिणीने, म्हणजे मासीने, मला आठवडाभर बघते म्हणून ठेवून घेतलं. हे जमलं नसतं तर गावची बस, आणि बसमधून उतरल्यावर आईचं तोंड.

पहिल्याच दिवशी एक नवं जोडपं कुजबुजत बसलं होतं. मी जवळ जाऊन विचारलं, "चटणी देऊ का?" मुलगी ताटलीसकट उडाली.

मासी म्हणाली, "अरे भाई, धीमे! अहीं मशीन नथी!"

"हळूच बोललो, मासी."

"हे हळू? तुझी हाक नदीपलीकडे हजीऱ्याला पोचली असेल."

चौथ्या दिवसापर्यंत तीन गिऱ्हाइकं पळाली. मासीने ठणकावलं, "आता एक जरी उठून गेलं ना, तर त्याच्याच मागे तूही जायचं."

मी इतका घाबरलो की बोलणंच बंद केलं. सगळं खुणांनी. बोटांचा गोल म्हणजे टमाट्याची भजी, जीभ बाहेर काढली म्हणजे तिखट.

रविवारी दुपारी एक कुटुंब आलं. मुलगा, सून आणि पांढऱ्या साडीतल्या बा. माझ्या खुणा बघून बांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बिचारो मूंगो छे," सुनेला म्हणाल्या. खरं सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे बोलायचं, आणि बोललो की बा ताटलीसकट उडणार. मी मान खाली घालून आणखी दोन भजी वाढली.

तेवढ्यात माझं लक्ष त्यांच्या गाडीकडे गेलं. मुलाने ती हौसेने पार ओल्या वाळूत उभी केली होती. भरती सुरू झालेली. डुमसचं पाणी आधी लांब दिसतं आणि मग एकदम चाकाशीच असतं. मी समुद्राकडे हात करून दोन्ही तळवे जवळ आणले, म्हणजे पाणी येतंय.

बांनी मला पाण्याची बाटली दिली.

मी मान हलवली, पुन्हा समुद्र दाखवला. त्यांनी बाटलीचं झाकणही उघडून दिलं.

पुढची लाट चाकाला लागली आणि माझ्यातलं अकरा वर्षांचं खातं सुटलं. "ओ शेठ! गाडीईई!"

उंटवाल्याचा उंट उठून उभा राहिला. भुट्टेवाले, घोडेवाले, सगळे धावले, चाकं रुतायच्या आत गाडी ढकलून वर आणली. इकडे बा मात्र समुद्राकडे हात जोडून उभ्या. "बोल्यो! मूंगो बोल्यो! दरियादेवनी कृपा!"

बघता बघता ही गर्दी. जो तो मला बोलून दाखवायला सांगे आणि उभाच आहोत तर म्हणून भजी घेई. मी मासीच्या कानाशी म्हणालो, "मासी, खरं सांगून टाकू का?"

"आधी पीठ कालव," मासी म्हणाली. कढई आणखी दोनदा भरल्यावर तिने स्वतःच बांना खरं सांगितलं. बा इतक्या हसल्या की सुनेला पाठ चोळावी लागली. "पण गाडी तर वाचली ने," म्हणाल्या आणि पुडी बांधून मागितली.

संध्याकाळी आवरताना मासीने कधी न दिलेली तिच्या भज्यांच्या खोपटाची किल्ली माझ्या हातात ठेवली. "सकाळी तू उघड. मी दहाला येईन." एवढंच.

मी किनाऱ्यावरूनच आईला फोन लावला आणि खातं बंद पडल्यापासूनचं सगळं एका दमात सांगितलं. फोनमधली गाज ऐकून ती म्हणाली, "मंग ती मशीन कसानी वाजी ऱ्हायनी?"

"मशीन नही, माय. दरिया शे."

"मंग एवढा वरडस कसाले?"