माझ्या घरच्या अकरा भाकरी

देवाविषयी लिहायला बसशील, असं मला दोन वर्षांपूर्वी कुणी म्हटलं असतं तर मी त्याला चांगलंच सुनावलं असतं. मी बालगृहात वाढले. तिथे पुस्तकं थोडी होती, पत्रकं मात्र भरपूर. रविवारी शिकवायला येणारे एक सर मोर्चांची, सभांची, बुवाबाजीविरुद्धची उरलेली पत्रकं झोळीतून आणायचे आणि आमच्यापुढे ओतायचे. ‘जागे व्हा’, ‘जाब विचारा’ हे मी धड्यातल्या कवितांच्या आधी वाचलं. देव आमच्याकडे वेगळ्या वाटेने यायचा. कुणाचा वाढदिवस असला, कुणाच्या वडिलांचं वर्षश्राद्ध असलं, की गाडीतून जिलेबी यायची. आम्ही रांगेत बसायचो, डोळे मिटून प्रार्थना म्हणायचो, पाहुणे फोटो काढायचे आणि निघून जायचे. जिलेबीवर माझा राग नव्हता, मी ती खायचे. पण हात जोडताना दर वेळी वाटायचं, हा नमस्कार देवाला आहे की कॅमेऱ्याला?

अठरा पूर्ण झाली आणि मी एक पत्र्याची पेटी आणि बारावीची गुणपत्रिका घेऊन फाटकाबाहेर आले. अठरानंतर राहायची सोय असलेलं मुलींचं अनुरक्षण गृह दुसऱ्या जिल्ह्यात होतं. तिथे गेले असते तर शिरूर कासारच्या कॉलेजातला प्रवेश गेला असता. म्हणून खोली शोधू लागले. प्रत्येक दारात पहिला प्रश्न एकच, “आईवडील काय करतात?” माझं उत्तर ऐकलं की खोली नेमकी कालच दुसऱ्याला दिलेली निघायची. शेवटी शहराबाहेरच्या एका खेड्यात एका म्हाताऱ्या बाबांनी काही न विचारता खोली दिली. त्यांना ऐकायला कमी यायचं, म्हणून त्यांनी विचारलं नसावं. मी पेटी घेऊन आले तोवर दिवाळी होऊन सगळी गल्ली ऊस तोडायला निघून गेली होती. बाबांचा मुलगा आणि सूनही गेले होते. सात घरांना कुलपं लागली होती. मागे राहिलो ओसरीवर बाबा आणि बाजूच्या खोलीत मी.

बालगृहातून बाहेर पडलेल्या मुलांना शिक्षण होईपर्यंत महिन्याचा खर्च आणि फी देणारी सरकारी मदत असते. ती उपकार नाही, आमचा हक्क आहे, हे मी तेव्हाही ओरडून सांगत होते. पण अर्जाला रहिवासी दाखला लागत होता आणि दाखल्याला घरमालकाचं संमतीपत्र. बाबा म्हणाले, “घर पोराचं हाय, त्याला इचार.” मी त्यांच्या मुलाला उसाच्या फडावर फोन लावला. तो म्हणाला, “राहायचं तर राहा, कागद न्हाई मिळायचा,” आणि फोन बंद झाला. मग ग्रामसेवकांनी दुसरी वाट सांगितली. गल्लीतल्या कुणा दोघांनी येऊन ओळख द्यावी. मी म्हटलं, “साहेब, आमच्या गल्लीत कुलपं राहतात. कुलपं सही करत नाहीत.” ते हसले. मला हसू आलं नाही.

असं करता करता चैत्र आला. फाईल शुक्रवारी बीडच्या कार्यालयात पोचायलाच हवी होती. नाही पोचली तर पुढची बैठक कित्येक महिन्यांनी. मी झेरॉक्सच्या दुकानात अर्धा दिवस काम करत होते, त्यात खोलीचं भाडंच कसंबसं निघायचं. शुक्रवार चुकला तर खोलीही सुटणार होती आणि कॉलेजही. आणि नेमक्या त्याच आठवड्यात मारुतीच्या देवळापुढे सप्ताहाचा मांडव पडला. रोषणाई, कमान, भोंगे. माझं डोकं फिरलं. मी एक पत्रक लिहिलं, ‘देवाला मांडव, लेकरांना रस्ता?’ दुकानाच्या मालकाला विचारून शंभर प्रती काढल्या. गुरुवारच्या पंगतीत त्या वाटायच्या, मग गावाने हाकललं तरी चालेल, असं मी ठरवलं होतं.

बुधवारी सकाळी दारात तात्या उभे. तात्या गावातले शिंपी, सप्ताहाची यादी त्यांच्याकडे. कानावर पेन्सिल, हातात वही.

“उद्याच्या पंगतीला घरटी अकरा भाकरी हायत, ताई. बारा वाजायच्या आत देवळात.”

मी म्हटलं, “तात्या, हे घर नाही. मी भाडेकरू आहे. एकटी राहते.”

“स्वयंपाक करता का इथं?”

“करते, चहा वगैरे.”

“मंग घरच हाय की,” असं म्हणत त्यांनी माझं नाव विचारून लिहूनसुद्धा टाकलं. “ज्वारीच्या बरं का. गव्हाच्या चपात्या आणून फसवू नका.”

ते गेले. त्यांच्या तोंडावर पत्रक फेकायचं सोडून मी “आणते” म्हणाले होते. असं का झालं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. आयुष्यात आजवर मला लोकांनी खूप काही दिलं होतं. माझ्याकडे कुणी काही मागितलं नव्हतं. तो माणूस माझ्या दारात मागायला आला होता, इतर घरांत मागतो तसाच, दया न दाखवता. आणि मला भाकरी करता येत नव्हती.

गुरुवारी सकाळी मी परात घेऊन बसले. पीठ मळलं की फुटायचं, थापलं की कडा फाटायच्या, तव्यावर टाकताना दोन तुकडे व्हायचे. तेवढ्यात बाहेर ट्रकचा आवाज आला. ऊसतोडीला गेलेली माणसं परत आली होती. भांडी आदळू लागली, लेकरं रडू लागली, एकेक कुलूप उघडू लागलं. थोड्या वेळाने एक बाई थेट माझ्या खोलीत शिरली. हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे, केसांत धूळ.

“काडेपेटी हाय का गं?” मग तिचं लक्ष तव्याकडे गेलं. “आगं, हे काय, नकाशे काढायलीस का?”

“भाकरी आहे.”

“कावून अशी फाटायली? पीठ कवाचं?”

“दिवाळीतलं. इथे आले तेव्हा दळून आणलं होतं.”

“विरी गेली की त्याची. चिकटपणाच न्हाई ऱ्हायला. उकळतं पाणी घे, बाय. आईनं शिकवलं न्हाई का?”

तो प्रश्न आलाच. मी मान वर न करता सांगितलं, की आई नाही, बालगृहात वाढले, आणि तिथे एकदा एक मुलगी भाजली म्हणून आम्हाला स्वयंपाकघरात जायची बंदी होती. आता ‘अरेरे’ येणार, म्हणून मी अंग चोरून बसले. पण ती एवढंच म्हणाली, “मंग आता शीक. सरक तिकडं.”

तिने पाणी उकळलं, पीठ कसं भिजवायचं दाखवलं, दोन भाकऱ्या थापल्या आणि त्या बाजूला ठेवल्या. “ह्या माज्या. तुज्या अकरा तू कर. म्या केल्या तर माज्या घरच्या व्हतील, तुज्या कशा?” रात्रभर ट्रकात बसून आलेली ती बाई माझ्याजवळ बसून राहिली. तिला तिच्या स्वतःच्या अकरा अजून करायच्या होत्या.

आठवी भाकरी तव्यावर असताना ती हळूच म्हणाली, “तूच का ती कागद मागणारी?” ती केसरबाई, बाबांची सून, म्हणजे माझी घरमालकीण. “मालकानं तुला न्हाई म्हणलं, ते म्याच सांगितलं हुतं. आमी सहा सहा महिने घरी नसतो. येताना ट्रकात एकच घोर आसतो, घर आपलं हाय ना अजून?”

माझ्याकडे मुद्दे होते. कायदा होता, पत्रकातली वाक्यं होती. पण ती भीती मी ओळखत होते. आपण बाहेर गेलो की आपली जागा राहत नाही, ही भीती घेऊनच मी मोठी झाले. “बरोबर आहे काकू,” मी म्हणाले आणि कागदाचा विषय सोडून दिला. रागाने नाही, खरोखर सोडला. किती महिन्यांनी माझ्या छातीवरचा दगड खाली उतरला. फाईल तशीच अडलेली होती, तरी. मी नववा गोळा हातात घेतला. ती भाकरी फुगली. पूर्ण, टम्म फुगली. आम्ही दोघी तिच्याकडे बघत राहिलो.

टोपलीत घालायला माझ्याकडे फडकं नव्हतं. केसरबाई म्हणाली, “कागद हायत की ढीगभर,” आणि मी परात धूत होते तोवर पेटीवरचे चार-पाच खाली अंथरून तिने भाकरी वर रचल्या. देवळात तात्यांनी टोपली रिकामी केली तेव्हा मला कळलं की ती माझी पत्रकं होती. तात्यांनी एक उचललं, चष्मा लावून सावकाश वाचलं. 

“शाई लागली की भाकरीला,” ते म्हणाले. मग घडी घालून कागद खिशात ठेवला. “लिवलंय ते खोटं न्हाई. पुढल्या साली बैठकीत मांड, मी बी बोलतो. आता वाढायला लाग, माणसं बसली.”

अंथरलेल्या पांढऱ्या धोतरावर माझ्या छातीइतका उंच भाकरींचा ढीग होता. गावातल्या प्रत्येक घरच्या भाकरी त्यात होत्या. जाड, पातळ, करपलेल्या, सुरेख, सगळ्या एकात एक. कुणाची कुठली ते देवालाही सांगता आलं नसतं. नामाचा गजर झाला आणि मी टोपलं घेऊन पंगतीतून निघाले. एका शेतकऱ्याच्या पत्रावळीत हात गेला तेव्हा ओळखलं, ती माझीच होती, फाटक्या कडेची, शाईचा डाग असलेली. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. भाकरी मोडली, भाजक्या मसाल्याच्या, येसराच्या आमटीत चुरली आणि तो जेवू लागला. मी आयुष्यभर पंगतीत बसले होते. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या हातचं कुणाच्या तरी पोटात जात होतं. भोंगे, कमान, रोषणाई सगळं विरून गेलं. समोर कुणीतरी फार मोठं जेवायला बसलंय आणि त्याला माझी फाटकी भाकरी चालली आहे, एवढंच वाटत राहिलं. मी टोपलं सावरलं आणि पुढच्या पत्रावळीकडे वाकले.

शुक्रवारी सकाळी मी ग्रामपंचायतीसमोरून बीडच्या गाडीकडे चालले होते. गल्ली परतली होती, पण मला ओळखणारं त्यात कुणी नव्हतं. दाखला नाही तर नाही, निदान तिथल्या साहेबांपुढे उभी राहून सांगावं, असं ठरवलं होतं. पायरीवर केसरबाई बसलेली. “कुठं निघालीस? मी कवाची वाट बघायले.” आत जाऊन तिने ग्रामसेवकांना सांगितलं, “घर आमा नवराबायको दोघांच्या नावावर हाय, माजी सही घ्या.” त्यांनी विचारलं, “परवापर्यंत तर नको म्हणत होता?”

“परवा ही भाडेकरू हुती. काल हिच्या घरच्या भाकरी गावानं खाल्ल्या. आता न्हाई कसं म्हणू?”

फाईल दुपारी चार वाजता बीडला पोचली.

माझी मतं बदललेली नाहीत. एका मुलीला तिच्या हक्काचा कागद मिळावा म्हणून मारुतीरायाला मध्ये पडावं लागू नये. हे मी सप्ताहाच्या बैठकीत मांडलं आणि मांडव यंदा लहान झाला. पण ट्रक एक दिवस उशिरा आला असता तर? पीठ ताजं असतं आणि भाकरी फाटली नसती तर ती बाई काडेपेटी घेऊन निघून गेली असती. हे कुणी जुळवलं, मी विचारत नाही. जाब विचारायची सवय असलेली मी इथे फक्त मान खाली घालते. मी मूठ आवळून बसले होते तोवर हातात काही येत नव्हतं. पीठ मळायला ती उघडावी लागली.

या दिवाळीनंतर गल्ली पुन्हा फडावर गेली. निघताना केसरबाईने तिच्या घराची किल्ली माझ्या हातात ठेवली. तिचं बघून बाकीच्या सहा घरांनीही ठेवल्या. रोज दिवेलागणीला मी एकेक कुलूप उघडते, भिंतीतल्या देवळीत दिवा लावते आणि आतल्या देवाला सांगते, की माणसं येईपर्यंत मी आहे.