पाचव्या घरचं पीठ

देवीवर माझी श्रद्धा होती, पण तिच्या नावानं दारोदार फिरणं मला कधी पटलं नाही. आमच्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, दर शुक्रवारी अनवाणी पायांनी परडी घेऊन अंबाबाईचा जोगवा मागायला निघायच्या. शाहूपुरीत आमचं भांड्यांचं दुकान होतं, घरात कशाची कमी नव्हती. पाच घरी त्या मागायच्या. ओळखीच्या बायका मूठभर नाही, मापटं भरून पीठ घालायच्या. कुठं ज्वारी, कुठं तांदूळ, कुठं नाचणी. त्या मिसळीच्या भाकरी थापून त्या सरकारी दवाखान्यात न्यायच्या. खेड्यापाड्यातून आजारी माणसाबरोबर आलेले लोक तिथं व्हरांड्यात उपाशी बसलेले असत, त्यांना वाटायच्या. घरचं पीठ मात्र त्यात चिमूटभरही घालू द्यायच्या नाहीत.

एकदा शेजारीण हसून म्हणाली, "काय मावशी, दुकान बुडालं व्हय तुमचं?"

आत्या म्हणाल्या, "दुकान पोराचं हाय, परडी माझी. तू पीठ घाल आणि मग बोल."

अशी बाई. लवकर विधवा झाल्या, तीन पोरं एकटीनं वाढवली, आणि नव्वद सालानंतर दुकान जरा बरं चालायला लागलं तरी हा नेम सोडला नाही. मी भाकरी थापू लागायचे, पण जोगव्याला बरोबर कधी गेले नाही.

मग तो मोठा पूर आला. पंचगंगेचं पाणी गल्ल्यांत शिरलं, वीज गेली, पिठाच्या गिरण्या बंद पडल्या. त्याच आठवड्यात न्हाणीत पडून आत्यांचा पाय मोडला. प्लास्टर घालून खाटेवर होत्या. शुक्रवार उजाडला. साखरेच्या आजाराची गोळी मी त्यांना रोजच्यासारखी सकाळीच दिली आणि नाश्त्याची ताटली पुढं केली, तर त्यांनी तोंड फिरवलं. पाच घरचा जोगवा झाल्याशिवाय शुक्रवारी घास घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम. राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, गोळी देऊन उपाशी ठेवलंत तर जिवावर बेतेल.

मी म्हटलं, "आत्या, घरात डबाभर पीठ हाय की. त्याच्याच भाकरी करते."

"घरचं घातलंस तर तू दानशूर झालीस. देवीचं काय ऱ्हायलं त्यात?"

आमचे मालक म्हणाले, "आई, मी पाच घरी फोन लावतो. आणून देतील पीठ."

"फोनवर जोगवा मागत्यात व्हय रं, मुडद्या?"

बोलताना त्यांचे ओठ थरथरत होते, कपाळाला घाम फुटला होता. मी साखर तोंडाशी नेली, तर दात आवळून घेतले. मला राग आला, आणि भीतीही वाटली. मी चपला काढल्या, परडी उचलली, वर प्लास्टिकचा कागद टाकला आणि पावसात निघाले.

पहिल्या दारात मी परडी पुढं धरली. मग डोळे मिटून ओरडले, "उदं गं आई उदं!" आतली बाई दचकलीच. "अगं बया, वैनी तुम्ही?" म्हणाली आणि पीठ घातलं. तिच्यासकट वरच्या अंगाच्या चार घरांनी घातलं. पण पाचवं घर मिळेना. आत्यांच्या नेहमीच्या गल्लीत कमरेएवढं पाणी, घरांना कुलपं. एका बिल्डिंगमध्ये गेले, तर जाळीच्या आडून एकजण म्हणाली, "गिरणी बंद हाय, आमालाच पुरंना, पुढं जावा." तिचंही खोटं नव्हतं. जिथं जाईन तिथं तेच. इकडं घरी आत्यांचं काय झालं असेल, या विचारानं मी वाट दिसेल तशी पुढं जात राहिले.

पूरग्रस्तांना ठेवलेली एक शाळा लागली. तिच्या पायरीवर मी टेकले आणि मनात म्हटलं, आई, मला जेवढं जमत होतं तेवढं झालं. आता तुझं तू बघ.

मागून आवाज आला, "काय मागताय आक्का?"

नदीकाठच्या कुठल्या तरी गावची बाई होती. लुगडं चिखलानं भरलेलं.

"जोगवा," मी म्हटलं. "पण तुमच्याकडं न्हाय मागत. तुमचंच घर पाण्यात."

बाई भडकली. "घर बुडालंय, हात बुडाल्यात व्हय? दारात आलेली परडी मोकळी धाडायची रीत न्हाय आमच्यात. उठा!"

तिनं मला वर्गाच्या उंबऱ्याशी उभं केलं. तिथं प्यायच्या पाण्याची मारामार, तरी तांब्यातलं पाणी माझ्या पायांवर घातलं. हळदकुंकू लावलं. मग दोरीनं बांधलेला डबा सोडला. "पाणी शिरलं तवा म्हस सोडली आणि ह्यो डबा उचलला," म्हणाली आणि ओंजळ भरून पीठ परडीत घातलं. मी तिच्या पाया पडायला वाकले, तर तिनं मला ढकललंच. "जावा बिगीबिगी. कुणीतरी उपाशी असंल."

मी तिला काहीच सांगितलं नव्हतं.

घरी आले तेव्हा आत्यांची नजर दारावरच होती. "पाचवं घर कुणाचं?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पडल्या पडल्या हात जोडले, आणि मग म्हणाल्या, "आण की मग साखर. का मारतीस मला?"

दवाखान्याची वाट पाण्याखाली होती, म्हणून भाकरी मी त्याच शाळेत नेल्या. त्या बाईला पहिली भाकरी द्यायची होती. पण तिचा भाऊ येऊन तिला कागलकडं घेऊन गेला होता. नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्या भजनातल्या बायका म्हणतात, ती अंबाबाईच होती. मी तसं म्हणत नाही. तिच्या नखांत चिखल होता आणि म्हशीच्या आठवणीनं डोळे लाल झाले होते. पण तिला धाडलं कुणी, हे मला कुणी विचारू नये.

आत्या पुढं बऱ्या झाल्या, पण परडी पुन्हा उचलता आली नाही. काही वर्षांनी शांतपणे गेल्या. तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात कधीतरी त्यांच्या हातची भाकरी खाल्लेली माणसं खेड्यांतून आली. आम्हाला त्यांतलं कुणीच ओळखीचं नव्हतं.

आता शुक्रवारी मी जाते. गुडघे दुखतात, जिने चढवत नाहीत. दुकानात बसून देणं मला आयुष्यभर सोपं गेलं, कारण देताना मान ताठ ठेवता येते. मागायला वाकावं लागतं, आणि ते मला त्या शाळेच्या पायरीवर कळलं. कुणी दार उघडतं, कुणी आतूनच घालवून देतं. पाच घरं होतील की नाही याचा घोर मी करत नाही. मी फक्त निघते. पुढचं तिच्याकडं.