तीन म्हणायच्या आधी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, ज्या पोलिसानं माझा जबाब लिहून घेतला त्याला तर नाहीच. उलट एक खोटी गोष्ट मी इतक्या वेळा, इतक्या लोकांपुढं सांगितली आहे की कधी कधी मलाच वाटतं — तसंच घडलं असेल. तसं घडलं नव्हतं.

उदगीरला माझं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. एक खोली, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता, शेजारी बाबासाहेबांचा फोटो, बाहेर दोन गाड्या. शिकवायच्या गाडीत डाव्या बाजूलाही एक ब्रेक असतो, माझ्या पायाखाली. शिकणारा गडबडला की माझा पाय तो आधी दाबतो, डोकं मागनं विचार करतं. वर्षानुवर्षं हेच केल्यावर पाय आपलं ऐकेनासा होतो. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढं ते लागणार आहे.

रशीद माझा शाळेपासूनचा मित्र. त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. बोअरच्या जळालेल्या मोटारी यायच्या, तो त्यात नवी तांब्याची तार भरायचा. हाताला कायम वार्निशचा वास. दुष्काळाच्या पहिल्या वर्षी त्याला जेवायला फुरसत नव्हती. पाणी खोल गेलं की मोटारी जास्त जळतात. पुढं बोअरच आटले, आणि मोटारी यायच्याही थांबल्या. त्या सुमारास उदगीर जिल्हा होणार अशी बोलवा उठली होती. ती आमच्याकडं अधूनमधून उठतेच. रशीद प्लॉटच्या धंद्यात शिरला. गावाबाहेरच्या माळावर चुन्याच्या रेघा मारलेल्या असायच्या. त्यात उभा राहून तो गिऱ्हाइकाला सांगायचा, "हितं कलेक्टर हाफिस. ह्या बाजूला तुमचं घर. खिडकीतून साहेबाची गाडी दिसंल." लोक हसायचे, आणि प्लॉट घ्यायचे.

त्या धंद्यावर त्यानं हैदराबादहून एक जुनी स्पोर्ट्स कार आणली. निळी, दोन दारांची, पोट जमिनीला टेकलेली. किती हातांतून आली होती कोण जाणे. प्रत्येक गतिरोधकावर ती तिरकी करून उतरवावी लागायची. गावानं तिचं नाव बेडूक ठेवलं. रशीदला त्याचा राग नव्हता. काच खाली करून तो म्हणायचा, "बेडूक आला म्हंजी पाऊस बी येतोय, थांबा जरा." लातूरला तेव्हा रेल्वेनं पाणी येत होतं.

गाडी चालवायला त्याला मीच शिकवलं, चाळिशी उलटल्यावर. भित्रा शिकणारा होता, पण एकदा सांगितलं की तसंच करायचा. परवाना मिळाला, मग बेडूक आला, तरी एक धडा मात्र राहून गेला — पावसाचा. रखरखीत उन्हात तो कसा देणार? त्या वर्षांत माझ्याकडून शिकून गेलेल्या कुणीच ओला रस्ता पाहिला नव्हता. रशीद चारचौघांत मला टोमणे मारायचा, "मास्तरनं परवाना दिला, पन पाऊस शिकवला न्हाई."

मग त्या सप्टेंबरात पाऊस आला तो थांबेचना. चार दिवस झाले असतील. दुपारी तो स्कूलपुढं गाडी घेऊन उभा राहिला.

"चला मास्तर. राहिलेला धडा."

मी आधी टायर बघितले. रुंद टायर, खाचा झिजून जवळजवळ सपाट झालेल्या. हे बदलायला पाहिजेत, म्हणालो. तो म्हणाला, बदलू की, आज नुसतं बघू. आणि मी बसलो. का बसलो? मास्तर होतो, नाही म्हणता आलं असतं. पण खरं सांगायचं तर त्या गाडीत बसून लातूर रोडनं जायला मलाही आवडायचं. लोक वळून बघायचे.

नळेगावला आम्ही चहाला थांबलो. तिथं मी त्याला धडा दिला. चहाचा विसळलेला ग्लास ओल्या टेबलावर पालथा ठेवला. कुणी हात न लावता तो सरकत कडेपर्यंत गेला. त्याच्याखाली पाणी अडकलंय, मी सांगितलं, त्याला बाहेर पडायला वाट नाही. टायरच्या खाचा पाण्याला वाट देतात. खाचा झिजल्या, किंवा वेग जास्त झाला, की पाणी बाहेर पडत नाही आणि चाक पाण्यावर चढतं. रुंद टायर आणि हलकी गाडी असली की आणखी लवकर. मग स्टेअरिंग एकदम हलकं लागतं. चाकाखालचा आवाज बंद होतो. म्हणून पावसात आधीच हळू चालवायचं. आणि चढलीच गाडी, तर ब्रेक मारायचा नाही, स्टेअरिंग फिरवायचं नाही. ॲक्सिलेटरवरचा पाय हळूच उचलायचा, हात सरळ ठेवायचे आणि तीनपर्यंत मोजायचं. चाक आपोआप रस्त्यावर बसतं.

"म्हंजी गाडीचा ग्लास झाला की आपन गप बसायचं," रशीद म्हणाला.

"हाव. गप बसायचं."

हॉटेलवाला टेबल पुसत होता. "रशीदभाई अन् गप? मग गाडी पान्यातच ऱ्हायली म्हना."

हसलो तिघंही. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

परत निघालो. त्या रस्त्यावरून दुष्काळात पाण्याचे टँकर रात्रंदिवस धावले होते. भरलेल्या टँकरांच्या वजनानं डांबर दबून चाकोऱ्यांचे दोन लांब पाट पडले होते, आणि आता त्यांत पाणी साचलं होतं. चाकं त्या पाटांच्या बाहेर ठेव, मी सांगितलं. त्यानं ठेवली. पाऊस थोडा उघडला तसा त्यानं वेग वाढवला. वाढवताना मला विचारलं, "मास्तर, एवढं चालतंय का?" काटा ऐंशीच्या पुढं होता. तो उगाच विचारत नव्हता. मी नको म्हणालो असतो तर त्यानं त्याच क्षणी पाय काढला असता. चालतंय, म्हणालो मी.

समोरून एसटी आली. रशीदनं गाडी डावीकडं घेतली, आणि चाकं पाटात उतरली. एसटी निघून गेली. समोर रस्ता मोकळा होता — हे मी मुद्दाम लिहितोय. सरळ, मोकळा रस्ता.

आणि चाकाखालचा आवाज बंद झाला.

मला दिसलं, रशीदनं पाय उचलला. हळूच, जसा सांगितला तसा. हात सरळ. मान ताठ. आणि तो मोजायला लागला, मोठ्यानं, पाढे म्हणणाऱ्या पोरासारखा. एक. दोन.

माझा पाय दाबला गेला. खाली ब्रेक नव्हता, नुसतं रबराचं पायपुसणं होतं. मी पुन्हा दाबला. काहीच झालं नाही, आणि त्या काहीच न होण्यानं माझ्या डोक्यातलं सगळं पुसून टाकलं. दोघांच्या मध्ये हँडब्रेकची दांडी होती. ती मी उजव्या हातानं सगळा जोर लावून ओढली.

तीन तो म्हणाला नाही.

मागची चाकं अडकली, गाडी भोवऱ्यासारखी फिरली आणि रस्त्याकडेच्या लिंबावर आदळली. आदळली ती त्याच्या बाजूनं. मला खरचटलं, एवढंच.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, माणूस घाबरला, पायाची सवय नडली. मीही मनाला तसं समजावू शकलो असतो. मला जे सांगायचंय ते याच्या पुढं आहे. आजवर माझ्या तोंडून ते एकदाही निघालेलं नाही, आणि आत्ताही हात चालत नाही.

काच फुटली होती. पाऊस आत येत होता. रशीदचा श्वास चालू होता. त्याची मान माझ्याकडं कलली होती, डोळे उघडे होते. मी शुद्धीवर होतो, मला सगळं दिसत होतं. आणि मी पहिला हात कुठं लावला? त्याच्या खांद्याला नाही. त्याच्या कपाळाला नाही. मी त्या वर उभ्या राहिलेल्या दांडीला हात लावला, तिचं बटण दाबलं आणि ती खाली केली. टक् असा आवाज झाला. लोक येतील, बघतील, कुणी ओढला ते विचारतील — एवढा सगळा हिशेब माझ्या डोक्यानं तेवढ्या वेळात केला. जे डोकं ब्रेकच्या वेळी बंद पडलं होतं, तेच. मग मी त्याचा हात धरला.

त्यानं ते पाहिलं का? डोळे उघडे होते, एवढं मला माहीत आहे. त्याहून जास्त नाही.

शेतातली माणसं धावत आली. जीपमध्ये घातलं. लातूरच्या रस्त्यावर, दवाखान्याच्या अलीकडं तो गेला. शेवटपर्यंत त्याचा हात माझ्या हातात होता, आणि हेही मी पुढं लोकांना सांगत आलो, मोठेपणा असल्यासारखं.

जबाबात मी सांगितलं, त्यानं घाबरून ब्रेक मारला. चार शब्द. फार खोटं बोलावंच लागलं नाही, उरलेलं गावानं केलं. टायर झिजलेले होते, गाडी तसली होती, प्लॉटवाल्याची मिजास होती. सगळ्यांना सगळं पटलं. कुणीतरी तर म्हणालं, मास्तर शेजारी बसूनही ऐकलं नाही बघा.

मी त्याला माती दिली. चाळिसाव्याला जेवायला गेलो. मुमताजभाभी, रशीदची बायको, स्वतः वाढत होत्या. वाढता वाढता थांबल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, तुमी यांना एवढं शिकवलं, यांनी ऐकलं न्हाई. तुमच्याबी जिवावर बेतलं असतं. माफ करा त्यांना."

आणि मी काय केलं असेल? "असू द्या भाभी," म्हणालो. म्हणजे मी त्याला माफ केलं. त्याच्या घरात, त्याच्या ताटावर बसून.

पुढं पाऊस बरा होत गेला, आणि मी दर जूनला पावसाचा धडा द्यायला लागलो. टेबलावर पालथा ग्लास, ओली फरशी, सगळं तेच. शेवटी मी म्हणायचो, माझ्या एका जवळच्या मित्रानं ब्रेक मारला, तुम्ही मारू नका. धडा चांगला बसायचा. किती बॅचना मी हे सांगितलं? मोजलेलं नाही.

एका जूनमध्ये त्या बाकावर सना होती. रशीदची मुलगी. तो गेला तेव्हा ती बारा वर्षांची होती. आता तिला गाडी शिकायची होती आणि भाभींनी तिला दुसरीकडं कुठंच पाठवलं नसतं. तिला पाहून मी तो शेवट गाळला. तिनंच नंतर विचारला. रिमझिम होती, गाडी मैदानात उभी होती, दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून तिनं समोर बघत विचारलं, "चाचा, अब्बांनी ब्रेक मारला नसता तर वाचले असते ना?"

गाडीत आम्ही दोघंच होतो. सांगायला याहून बरी जागा आणि वेळ कुठली मिळणार होती?

"हं," म्हणालो मी.

तिनं मान हलवली. मग गाडी चालू केली आणि मैदानाला एक सुरेख फेरी मारली. बापासारखीच आहे — एकदा सांगितलं की तसंच करते. पहिल्याच खेपेला पास झाली. पेढे घेऊन आली, माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला पाया पडू दिलं.

जिल्हा अजून झालेला नाही. बेडूक भंगारात गेला. रशीदनं दाखवलेल्या माळावर घरं झाली आहेत. समोर कलेक्टर ऑफिस नाही, पण लोक राहतात, अंगणात कपडे वाळत घालतात. तिकडून गाडी न्यायची वेळ आली की मी दुसऱ्या रस्त्यानं जातो.

सना आता नांदेडला एका लॅबमध्ये नोकरीला आहे. स्वतःची छोटी गाडी घेतली आहे. शनिवारी उदगीरला येते. पावसाळ्यात निघायच्या आधी भाभींना फोन करते, आणि मग मलाही करते, कारण मी काळजी करतो हे तिला माहीत आहे. मागच्या शनिवारीही केला.

"चाचा, इकडं लई पाऊस आहे. हळू येतेय. पाण्यावर गाडी चढली तर काय करायचं पाठ आहे मला. अब्बांसारखं नाही करणार, घाबरू नका."

"बरं बेटा," मी म्हणालो, आणि ती जळकोट ओलांडून घरी पोचेपर्यंत स्कूलच्या पायरीवर बसून राहिलो.

अब्बांसारखं नाही करणार. दर पावसाळ्यात ती मला हा शब्द देते आणि मी तो घेतो. तिच्या अब्बांनी पाय हळूच उचलला होता. हात सरळ ठेवले होते. दोनपर्यंत मोजलं होतं. कधी गाडी पाण्यावर चढली तर सनानं अगदी तिच्या अब्बांसारखंच करायला हवं, आणि हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.